सुधीरला आणायला ब्रसेल्सला

माझा धाकटा भाऊ सुधीर गुरुवारी सकाळी ब्रसेल्समधल्या एका इस्पितळात वारला. आमच्याकडे तेव्हा दुपार होती. आई ओसरीवर शेंगा फोडत होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. फोन मार्टिनने केला. सुधीर तिच्याकडे राहायचा. मी घरी गेलो आणि आईला सांगितलं. आईने सूप बाजूला ठेवलं.

व्हिसा मिळेपर्यंत तिकडे दहन होऊन गेलं. ते आम्ही मोबाईलवर पाहिलं, आणि मधेच रेंज गेली. दशक्रिया आमच्या गावी, राहुरीजवळ, मुळेच्या काठी केली. आमच्या भागात माणूस कितीही एकटा जगलेला असो, त्याच्या दशक्रियेला गर्दी होते, कारण तिथे माईक असतो. येत्या निवडणुकीला उभे राहणारे आणि मागच्या निवडणुकीत पडलेले, दोघेही आले. एका माजी सभापतींनी सुधीरने बेल्जियम शहरात गावाचं नाव उज्ज्वल केल्याचं सांगितलं. त्यांच्यानंतर बोलणाऱ्यांनी ती चूक सुधारली आणि बेल्जियम लंडनजवळ नेऊन ठेवलं. कावळ्याने मात्र भाषणं संपायची वाट पाहिली नाही.

संध्याकाळी मांडव सोडत असताना आई म्हणाली, "ह्ये समदं फोटूवर झालं. फोटू कुटं संगमावर सोडत्यात का? तू जा. त्याला आन. सगळा आन, तिकडं काई ठिवू नको."

"घरमालकिणीला विचारावं लागेल," मी म्हणालो.

"इचार की मग."

मार्टिनला आमच्या घरात घरमालकीण म्हणत. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागल्यावर सुधीर तिच्याकडे राहायला गेला, तेव्हा त्यानेच आईला तसं सांगितलं होतं. आईने 'भाडं लई घेती का' एवढंच विचारलं होतं. पुढे ती दोघं एकत्र राहत असल्याची तिथल्या पालिकेत रीतसर नोंद झाली. ही बातमी माझ्यापर्यंत आली आणि माझ्यापाशीच राहिली.

निघताना चुलतभाऊ दत्ता म्हणाला, "दादा, तू पुस्तकातला मानूस. तिकडं कुनी काई इचारलं तर गप बसू नको. तुला सवय हाय."

सें-जोस

खोली दत्ताच्या मुलाने मोबाईलवरून ठरवली होती. "एकदम ब्रसेल्सच्या मधी," असं त्याने सांगितलं होतं. खोलीचा मालक मूळचा तुर्कस्तानातला, भरघोस मिशांचा गृहस्थ. किल्ली देताना मी सहज म्हणालो, "ब्रसेल्स छान आहे."

"असेल," तो म्हणाला. "पण हे ब्रसेल्स नाही. हे सें-जोस. ब्रसेल्स त्या उताराखाली. आणि समोरचा रस्ता ओलांडून थोडं पुढे गेलात की स्कारबेक."

मग त्याने दारात उभं राहूनच मला शहर समजावून सांगितलं. टीव्हीवर ज्या राजधानीत सगळ्या युरोपचे पुढारी गाडीतून उतरताना दिसतात, ती एकोणीस पालिकांची मिळून झालेली आहे. ब्रसेल्स ही त्यातली फक्त एक. प्रत्येकीचा नगराध्यक्ष वेगळा, सदस्य वेगळे, कचेरी वेगळी आणि शेजारच्या पालिकेबद्दलचं मतही वेगळं. सें-जोस सगळ्यांत लहान. "पण आम्ही कुणात मिसळणार नाही," तो म्हणाला. कुणी तसं सुचवलं होतं असं दिसलं नाही.

मी युरोपबद्दल पुष्कळ वाचलं होतं आणि न समजण्याची तयारी ठेवून आलो होतो. पण हे मला ताबडतोब समजलं. आमच्याकडे ओढ्याच्या अलीकडे एक ग्रामपंचायत आणि पलीकडे दुसरी आहे. ओढ्यावरचा पूल मोडला तेव्हा तो कोणाचा हे ठरेपर्यंत लोक पाण्यातून जात होते.

रस्त्यांच्या पाट्यांवर दोन दोन नावं. वर फ्रेंच, खाली डच. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हापासून काही पाट्या जुन्या आहेत, काही नव्या, आणि बोलताना लोक दोन्ही टाळून 'नगर' म्हणतात. इथे दोन्ही नावं एकाच पत्र्यावर, सारख्याच अक्षरांत. वाचायला दुप्पट वेळ लागतो, पण भांडण पत्र्यावर उरकतं. निदान मला तसं वाटलं. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "वर कोणतं नाव, यावर कधी विचार केलात?"

स्कारबेक

मार्टिनचं घर बागेच्या कडेला होतं. या बागेत पालिकेने गाढवं पाळली आहेत. पूर्वी इथे चेरीच्या बागा होत्या, आणि शेतकरी ती फळं गाढवांवर लादून ब्रसेल्सच्या बाजारात नेत. ब्रसेल्सवाले त्यांना गाढवं म्हणू लागले. स्कारबेकने ते नाव मनावर न घेता मिरवायला घेतलं. हे सुधीरने मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. राहुरीहून शेवगावच्या बाजाराला जाणाऱ्यांना कुणी असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, यावर आम्ही दोघे हसलो होतो. कुंपणापाशी उभा राहून मी गाढवं पाहिली. ती आपल्याकडच्यासारखीच होती, फक्त त्यांना काम नव्हतं.

मार्टिनने दार उघडलं. पन्नाशीची, उंच, केस बारीक कापलेले. तिने हात पुढे केला.

आमच्याकडे दुखवट्याच्या घरी जायची रीत ठरलेली आहे. नमस्कार करायचा नाही, 'कसे आहात' विचारायचं नाही. जाऊन बसायचं. घरच्यांनी चहा द्यायचा नसतो, दिलाच तर आपण घ्यायचा नसतो. बोलण्यासारखं काही नसेल तर बोलायचं नाही, आणि तसं बहुधा नसतंच. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण अशा कारणासाठी अशा घरी पुन्हा यायचं नसतं. माणसं हलली, नजर दुसरीकडे गेली, की उठायचं, चपला घालायच्या आणि मागे न बघता चालू पडायचं.

मी सगळं रीतीप्रमाणे केलं. तिचा हात न धरता आत गेलो आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलो. तिने कॉफी आणली, बिस्किटं आणली. मी बशी हलकेच बाजूला सरकवली. ती इंग्रजीत बोलू लागली, मग थांबली. मी जमिनीकडे पाहत राहिलो. दाराजवळ सुधीरच्या कोल्हापुरी चपला होत्या, त्यांचे अंगठे झिजलेले. बाहेर अंधारून आलं. ती कप घेऊन स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी उठलो, बूट घातले आणि जिना उतरून रस्त्याला लागलो.

परक्या मुलुखात आल्यापासून एक गोष्ट तरी मी बिनचूक केली, असं मला वाटलं. खालच्या दुकानात मी बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेतल्या. त्यांना इथे फ्रीट म्हणतात आणि कागदाच्या पुडक्यात देतात. दिवसभर पोटात काही नव्हतं. सुतक फिटलं असलं तरी मी मांसाहार टाळत होतो, आणि बटाट्याइतकं निष्पाप दुसरं काय असणार?

दुसऱ्या दिवशी मार्टिनने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

जेट

शेवटी मी जेटला गेलो. सुधीर वारला ते इस्पितळ जेट पालिकेच्या हद्दीत आहे. कचेरीत नंबराचं तिकीट घ्यायचं आणि बसायचं. खिडकीमागे एक तरुण बाई होती. ती समोरच्या माणसाशी फ्रेंच बोलत होती, फोनवर डच, आणि माझी पाळी आली तेव्हा इंग्रजी. तिन्ही भाषांत सारखीच दमलेली वाटत होती.

मृत्यू इथे झाला, म्हणून मृत्यूची नोंद इथे, असं तिने सांगितलं. पण माणूस राहत होता स्कारबेकला, म्हणून त्याचे बाकीचे कागद स्कारबेकला. अस्थी मात्र दोन्हीकडे नाहीत. दहन उक्लला झालं, तेव्हा त्या उक्लला.

"म्हणजे माझा भाऊ तीन पालिकांत आहे?"

"हो," ती म्हणाली. "असं नेहमीच होतं."

"आणि तो मला मिळेल कुठे?"

तिने संगणकात पाहिलं. "तुम्ही भाऊ. पण त्यांच्या घरात नोंद आहे ती मादाम मार्टिनची. त्यांची संमती लागेल. तुम्ही त्यांना ओळखता का?"

"मी त्यांच्या घरी गेलो होतो," मी म्हणालो.

बाहेरच्या बाकावर बसून घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी दत्ताचं कपाळ आलं, मग तो सगळा.

"काय मग दादा, झालं का काम?"

"संमती लागते म्हणतात."

"अरे मग वळख काढ ना. तिथं बीडीओ कोन हाय?"

"इथे बीडीओ नसतो."

"मग सरपंचाला धर."

"एकोणीस आहेत."

"एकोनीस?" दत्ता गंभीर झाला. "मग न्हाई व्हत काम. दोन असले तरी व्हत न्हाई."

आईने फोन त्याच्या हातातून घेतला. "लई थंडी हाय का रं? कानाला बांध. घरमालकीन काय म्हनती?"

"फोन उचलत नाही."

"तू काय बोलला तिला?"

"काहीच नाही."

"काईच न्हाई?"

"आपल्यात बोलत नाहीत ना, आई. जाऊन बसलो आणि निघालो."

आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. चित्र गोठलं की काय असं मला वाटलं.

"आपल्यात न्हाई बोलत," ती म्हणाली. "तिच्यात काय हाय ते इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. बेल्जियमच्या राज्यघटनेवर एक पुस्तक मात्र वाचून आलो होतो.

त्या संध्याकाळी मी मार्टिनला इंग्रजीत निरोप लिहिला. पहिला मसुदा दोन पानांचा झाला आणि त्यात 'अंत्यविधीविषयक लोकाचार' असा एक परिच्छेद आला. तो पुसला. मग लिहिलं: 'आमच्याकडे दुखवट्याच्या घरून निघताना निरोप घेत नाहीत. मी रागावलो नव्हतो.'

उत्तर आलं: 'उद्या. इक्सेल. तळ्यापाशी.'

इक्सेल

इक्सेल ही एक पालिका आहे, पण ती दोन तुकड्यांत आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रसेल्सला जंगलापर्यंत रुंद रस्ता हवा होता, आणि मधे इक्सेलची जमीन येत होती. ब्रसेल्सने रस्त्यापुरती पट्टी इक्सेलच्या मधून काढून घेतली. आजही त्या रस्त्यावर चालताना आपण ब्रसेल्समध्ये असतो, आणि दोन्ही अंगांना गल्लीत वळलं की इक्सेलमध्ये. आता तिथे महागड्या कपड्यांची दुकानं आहेत. आमच्याकडे शेतातून रस्ता गेल्यावर दोन पिढ्या कोर्टात जातात, इथे इक्सेलवाले रस्ता ओलांडून मुकाट्याने दुसऱ्या इक्सेलमध्ये जातात. मी बराच वेळ एका कोपऱ्यावर उभं राहून हे पाहिलं. खरं म्हणजे मला तळ्यापाशी पोचायचं नव्हतं.

मार्टिन बाकावर बसली होती. पाण्यात तपकिरी बदकं होती. या वेळी मी हात पुढे केला, तिने तो धरला.

"तुम्ही माझा हात धरला नाहीत," ती म्हणाली. "कॉफीला शिवला नाहीत. मी आतून आले तर दार उघडं. मला वाटलं, याने मला दोषी ठरवलं आणि गेला."

"दोषी कशाबद्दल?"

"आदल्या रात्री त्याच्या छातीत जळजळत होतं. पित्त आहे म्हणाला. मीही पित्तच म्हटलं."

"आमच्या घरात सगळ्यांना पित्तच होतं," मी म्हणालो. "वडील हृदयाच्या झटक्याने गेले, तर ते पित्ताने गेले असं आम्ही वर्षभर सांगत होतो. तुम्ही त्याला इस्पितळात तरी नेलंत."

मग मी रीत समजावून सांगितली. हात न धरणं, कॉफी न घेणं, न सांगता निघणं, एकेक.

"म्हणजे जितकं उद्धट वागाल तितका जास्त मान?"

"साधारण तसंच."

ती हसली. हसता हसता तिने तोंड दोन्ही हातांनी झाकलं, आणि बराच वेळ ते हात काढले नाहीत. मी बदकांकडे पाहत बसलो. हे मला जमतं.

मग मी आलो होतो त्या कामाचं बोललो. "आईने त्याला आणायला सांगितलंय. सगळा."

"सगळा नाही देणार," मार्टिन म्हणाली. ती मला दादा म्हणत होती. सुधीर म्हणायचा म्हणून ते माझं नावच आहे असं तिला वाटत असावं. "दादा, तुमच्याकडे नदी आहे, गाव आहे, आई आहे. तुमच्याकडे लोक त्याच्याबद्दल भाषणं करतात. माझ्याकडे काय आहे? जेटचा दाखला आणि स्कारबेकची नोंद."

भाषणं कशी होती ते मी तिला सांगितलं नाही. आईचं वय, धर्म, परंपरा, असे मुद्दे मी विमानात मनाशी लावून ठेवले होते. त्यातला एकही तिच्यासमोर काढण्यासारखा वाटेना. मी ग्रंथपाल आहे. एकच पुस्तक दोघांनी मागितलं तर आम्ही एकाला पंधरा दिवस थांबायला सांगतो. इथे ती सोय नव्हती. शिवाय आई आता कुठे फार थांबणार होती.

"निम्मा," मार्टिन म्हणाली.

हो म्हणायला मला वेळ लागला. राखेचे वाटे करायचे, या कल्पनेनेच कसंतरी होत होतं. पण नाही म्हणून मी कोणाला काय मिळवून देणार होतो?

"निम्मा," मी म्हणालो.

चौकातल्या टपरीवरून तिने फ्रीट आणले. मी म्हणालो, इथलं मला पचणारं एवढं एकच अन्न आहे, रोज तेच खातो.

"छान लागतात ना?" ती म्हणाली. "चांगल्या टपरीवर अजून बैलाच्या चरबीत तळतात."

मी पुडकं बाकावर ठेवलं. तोपर्यंत माझं ते तीन पालिकांत खाऊन झालं होतं.

उक्ल

उक्ल श्रीमंतांची पालिका. मोठी झाडं, मोठी कुंपणं, माणसं दिसत नाहीत. दहनगृह ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच शांततेचा रस्ता, आणि तेही दोन भाषांत. आमच्याकडे अमरधामात आधी लाकडांवरून आवाज चढतो, मग पोचायला उशीर केलेल्यांवरून. इथे गळ्यात टाय लावलेल्या माणसाने आम्हाला एका खोलीत बसवलं आणि अगदी हळू विचारलं, भाग कसे करायचे?

मार्टिनने सांगितलं.

साधारणपणे नातेवाइकांना थोडासा अंश देतात, असं तो म्हणाला. मार्टिनने आधी फ्रेंचमध्ये आणि मग डचमध्ये पुन्हा सांगितलं. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एकेक डबा होता, सारख्याच रंगाचा. कोणता कोणाचा, ते त्याने विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

परतताना आम्ही एकाच ट्राममध्ये, समोरासमोर बसलो. मांडीवर डबे. ट्राम उक्लमधून निघाली, सें-जिलमधून गेली, ब्रसेल्समधून गेली. कुठे एक पालिका संपून दुसरी लागली ते कळत नव्हतं. एक म्हातारी चढली, तिने आमच्या डब्यांकडे पाहिलं आणि मार्टिनला काहीतरी विचारलं. मार्टिन उत्तर देऊन खिडकीबाहेर बघू लागली.

"काय म्हणाली?"

"मिठाई कोणत्या दुकानातून घेतली, विचारत होती."

"मग?"

"उक्लहून, म्हणाले."

सें-जोसला मी उतरलो. मार्टिन पुढे स्कारबेकला गेली. निरोप घेतला नाही. तिने हातही हलवला नाही.

प्रवरासंगम

संगमावर आम्ही सकाळी पोचलो. आई, दत्ता, मी आणि गुरुजी. पाणी संथ होतं. आई पायरीवर बसली, डबा मांडीवर घेतला आणि झाकण काढून आत हात घातला. ती काहीतरी चाचपडत होती.

"हाडं कुटं हायेत रं?"

"तिकडे बारीक करून देतात, आई."

"बारीक म्हंजी?"

"मशीनवर दळतात."

तिने हात बाहेर काढला आणि बोटांना लागलेलं पाहिलं. "पोराचं पीठ करून दिलं," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "सगळा हाय ना पन?"

विमानात मी या प्रश्नाची दोन उत्तरं तयार केली होती. दुसरं उत्तर देणं सोपं होतं, आणि ते कधी उघडकीला आलं नसतं.

"निम्मा," मी म्हणालो. "निम्मा तिच्याकडे."

दत्ता चमकला. "निम्मा कसा आनला तू? चुलती म्हनली हुती ना, सगळा आन म्हनून? गुरुजी, निम्म्यावर व्हतं का हे?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पुढचे लोक पायऱ्यांवर येऊन थांबले होते. "अंशमात्रही चालतं," ते म्हणाले. "हा तर पुष्कळ आहे."

"पन ती कोन निम्मा ठिवनारी?" दत्ता म्हणाला. "घरमालकीन—"

"दत्त्या, गप," आई म्हणाली. "सुट्टीला यायचा तवाबी निम्माच यायचा. ताटावर बसला तरी ध्यान फोनमधी. हासायचा, बोलायचा. घरमालकिनीशी कुनी असं हासतं व्हय? मला काय कळत न्हाई?"

तिने डबा माझ्याकडे दिला नाही, दत्ताकडेही नाही. स्वतः तीन पायऱ्या उतरली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. दत्ताने मागून तिचा दंड धरला. तिने डबा पालथा केला, आणि आतल्या कडेला चिकटलेलं हाताने धुऊन काढलं, पीठ मळून झाल्यावर परात धुतात तसं.

वर आल्यावर तिने पदराने हात पुसले. "तिला कळीव," ती म्हणाली, "झालं म्हनून."

मी पायरीवरूनच मार्टिनला कळवलं.

सुधीर आता निम्मा संगमाच्या पाण्यात आहे आणि निम्मा स्कारबेकला, मार्टिनच्या घरी. राहुरीजवळच्या जमिनीच्या सात-बाऱ्यावर अजून आम्हा दोघा भावांची नावं आहेत.